हाली, कलदार आणि डॉलर

बीड जिल्ह्यातल्या माणसांनी विनिमय दर पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी तो बाजारात वापरला आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे स्वतःचे चलन होते, हाली शिक्का. पश्चिमेला लागून असलेला नगर जिल्हा इंग्रजी अमलाखाली. तिथे कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया, चालायचा. आष्टी-पाटोदा भागातल्या शेतकऱ्याने जामखेडकडे किंवा पाथर्डीकडे बैल विकला तर हातात कलदार यायचे, आणि शेतसारा भरायची वेळ आली की हाली लागायचे. हिशेब ठरलेला होता: सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांचे हाली करायचे तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. मराठवाड्यातल्या जुन्या खरेदीखतांत रकमेपुढे ‘हाली’ असे आवर्जून लिहिलेले सापडते, कारण ते न लिहिल्यास सातवा हिस्सा इकडचा तिकडे व्हायचा.

हा दर आभाळातून पडलेला नव्हता. हाली रुपयात कलदारपेक्षा चांदी कमी होती आणि ती साधारण याच प्रमाणात कमी होती. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीला बंद केल्या. त्यानंतर कलदारची किंमत त्यातल्या चांदीपासून सुटली, हालीची मात्र चांदीलाच बांधलेली राहिली. जगात चांदी स्वस्त होत होती, म्हणून हालीही घसरू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने टांकसाळीवर आपला ताबा घट्ट केला, किती नाणी बाहेर सोडायची ते स्वतः ठरवले, आणि दर स्थिरावला. म्हणजे लंडनच्या चांदीबाजारातली हालचाल त्या काळीही बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पोचत होती.

सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ज्वारी तीच, मीठ तेच, कापड तेच. तरी हाली किमतीला सहाने गुणून सातने भागले तर बरोबर कलदार किंमत येईलच असे नव्हते. मध्ये करोडगिरीचा नाका होता. संस्थानाचा जकात विभाग येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घ्यायचा, वर गाडीभाडे, वर सराफाचा बट्टा. दोन चलनांतल्या किमतींविषयी अर्थशास्त्र जे सांगते ते सगळे या नाक्यावर पाहायला मिळत होते: दर, कर, वाहतूक आणि मधल्या माणसाचा हिस्सा. आजच्या प्रश्नाकडे जाताना मी ही चौकट सोबत ठेवणार आहे, कारण डॉलरच्या बाबतीतही हेच चार घटक काम करतात.

चलन हे राज्यसत्तेचे हत्यार असते, हेही बीडने त्याच काळात पाहिले. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर लवकरच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवले. सरहद्दीवरच्या गावांची बरीच उलाढाल कलदारात होत होती, त्यांच्यावर या वटहुकुमाचा घाव थेट बसला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान संपले, पण हाली लगेच गेला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया सोबतीला आला, १९५१ मध्ये हाली छापणे थांबले आणि १९५९ मध्ये तो कायमचा रद्द झाला. तोवर सात-सहाचा हिशेब चालूच होता.

त्यानंतर बीडच्या बाजारात एकच रुपया उरला आणि विनिमय दर नजरेआड गेला. तो संपला मात्र नाही. स्वातंत्र्याच्या वेळी डॉलरला सव्वातीन रुपयांच्या आसपास मोजावे लागत. सप्टेंबर १९४९ मध्ये पावणेपाच, जून १९६६ मध्ये साडेसात. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन होऊन तो एकवीसवरून सव्वीसच्या आसपास गेला. १९९३ पासून दर बाजारावर सोडला गेला. २०२४ च्या आरंभी तो ८३ होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. हाली-कलदारचा दर गावातल्या पोराला तोंडपाठ असायचा. आज मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला डॉलरचा भाव कुणी सांगत नाही, पण त्याची पट्टी त्या भावाशिवाय बनत नाही.

पुढे जाण्याआधी माझे म्हणणे मांडतो. रुपया घसरला की तोटा आणि फायदा दोन्ही जन्माला येतात. बीडच्या घरात तोटा लवकर आणि जवळजवळ पुरा पोचतो. फायदा शेताकडे निघतो खरा, पण वाटेत आयात शुल्क, निर्यातबंदी आणि दुसऱ्या देशांची चलने त्याला अडवतात. आणि ज्या घरात विकायला पीकच नाही, त्या घरात फक्त तोटा येतो.

तोटा कसा येतो ते तेलाच्या डब्यावरून सर्वांत स्पष्ट दिसते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते: पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. सगळा व्यवहार डॉलरमध्ये. उदाहरणापुरते कच्चे सोयातेल टनाला ११०० डॉलर धरू. डॉलर ८३ असताना बंदरावर किलोची किंमत ९१ रुपये ३० पैसे, ९० असताना ९९ रुपये. फरक सात रुपये सत्तर पैसे. पण आयात शुल्क टक्केवारीत असते. सध्याचे साडेसोळा टक्के लावले की पहिली किंमत १०६ रुपयांच्या थोडी वर जाते आणि दुसरी ११५ च्या वर. फरक जवळपास नऊ रुपये झाला. रुपया घसरला तर कराची रक्कमही न मागता वाढते. बंदरापासून पुढे शुद्धीकरण, डबा, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. शुल्कासाठी सरकार खाद्यतेलाचे आधारमूल्य डॉलरमध्येच जाहीर करते आणि रुपयाचा सीमाशुल्क-दर वेगळा जाहीर करते, त्यामुळे ही साखळी अगदी कायदेशीर आणि नियमित आहे. त्यात कुणी साठेबाज असायलाच हवा असे नाही.

डिझेलचे तसे नाही. पिंपात १५९ लिटर तेल असते. पिंपाचा भाव ६५ डॉलर धरला तर डॉलर ८३ वरून ९० झाल्याने लिटरमागे कच्च्या तेलाची किंमत जवळपास तीन रुपयांनी वाढते. पण पंपावरचा भाव २०१७ पासून कागदोपत्री रोज बदलता असला तरी २०२२ पासून तो बहुतेक काळ जागचा हललेला नाही. मे २०२२ ची अबकारी कपात आणि मार्च २०२४ ची दोन रुपयांची कपात हे ठळक अपवाद. त्यामुळे इथे विनिमय दर दिसत नाही. तो तेल कंपन्यांच्या आणि सरकारच्या ताळेबंदात जिरतो, आणि कच्चे तेल स्वस्त झाले तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला त्याचा लाभ मिळाला नाही, यातही तो दर दडलेला आहे.

खताच्या गोणीत तो आणखी खोल दडतो. डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीचा भाव १,३५० रुपये, युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीचा २६६ रुपये ५० पैसे. पालाश जवळजवळ सगळे बाहेरचे, डीएपी किंवा त्याचा कच्चा मालही बाहेरचा. रुपया घसरला तरी गोणीवरचा आकडा तोच राहतो, कारण फरक अनुदानातून भरला जातो. हे संरक्षण खरे आहे आणि ते नसते तर कोरडवाहू शेती केव्हाच कोलमडली असती. पण आयातदाराला मिळणारे अनुदान आणि त्याचा डॉलरमधला खर्च यांचा मेळ बसला नाही की तो माल आणत नाही. २०२४ च्या रब्बीत देशभर डीएपीची टंचाई झाली ती आयात घटल्यामुळे. अशा वेळी शेतकऱ्याला १,३५० चा भाव छापलेला दिसतो, गोणी दिसत नाही. दिसली तर तिच्यासोबत नको असलेले दुसरे औषध-खत गळ्यात मारले जाते, ज्याला गावोगाव ‘लिंकिंग’ म्हणतात. स्थिर ठेवलेली किंमत टंचाईच्या रूपाने वसूल होते.

बाकी वस्तूंविषयी थोडक्यात. औषधांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतो, पण आवश्यक औषधांच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे, म्हणून परिणाम संथ. मोबाइलचे सुटे भाग डॉलरचे, म्हणून परिणाम जलद. सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो आणि आपल्याकडे दर व शुल्क लागून येतो. जुलै २०२४ मध्ये शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणले, तरी २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पुढे गेला. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालात एक ढोबळ गणित दिलेले असते: रुपया पाच टक्क्यांनी घसरला तर किरकोळ महागाई साधारण ०.३५ टक्के-अंकाने वाढू शकते. देशाच्या सरासरीसाठी हा आकडा लहान वाटतो. पण सरासरीत शहरातले घरभाडे आणि शाळेची फीही असते. ऊसतोडीच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाच्या खर्चात तेल, डाळ, मीठ-मिरची आणि दवाखाना यांचाच भार असतो. त्यांची महागाई सरासरीपेक्षा वेगळी असते.

आता फायद्याची बाजू. ती जास्त गुंतागुंतीची आहे आणि बीडचे भवितव्य तिच्यावर जास्त अवलंबून आहे.

गेवराई-माजलगावचा कापूस घ्या. जगात रुई पाऊंडाला किती सेंट या मापात विकली जाते, आपल्याकडे खंडीत. खंडी म्हणजे ३५६ किलो, पाऊंडात सुमारे ७८५. न्यूयॉर्कचा भाव पाऊंडाला ७० सेंट धरला तर खंडीचे ५४९ डॉलर झाले. ८३ च्या दराने ते सुमारे ४५,६०० रुपये होतात, ९० च्या दराने ४९,४००. खंडीमागे ३,८०० रुपयांचा फरक. एक खंडी रुई निघायला साधारण दहा क्विंटलच्या थोडा वर कापूस लागतो. म्हणजे केवळ रुपया घसरल्याने कापसाच्या क्विंटलला साडेतीनशे-पावणेचारशे रुपये जास्त मिळायला जागा झाली. कागदावर.

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावल्यामुळे कापड उद्योगाला आधार द्यायचा, हे कारण समजण्यासारखे आहे. पण ४९,४०० च्या ११ टक्के म्हणजे ५,४०० रुपये. रुपयाच्या घसरणीने खंडीत जेवढे घातले, त्याहून जास्त या एका निर्णयाने काढून घेतले, आणि तेही नवा कापूस मोंढ्यात येण्याच्या नेमक्या महिन्यांत. गिरणीला बाहेरून स्वस्त रुई मिळत असेल तर ती गेवराईच्या जिनिंगला जास्त भाव का देईल? मग शेतकऱ्यापुढे कापूस महामंडळाची खरेदी आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये हमीभाव एवढाच आसरा उरला. उद्योग वाचवायला हवा होता, हे मी मान्य करतो. तो शेतकऱ्याच्या ताटातून काढून का वाचवला, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

सोयाबीनचे दुखणे वेगळे. अंबाजोगाई, परळी, केजकडचा माल बराचसा लातूरच्या बाजारात जातो. दाण्यातून तेल निघते अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी पेंड. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलापेक्षाही पेंडीच्या निर्यातीवर जास्त उभा आहे. पेंड आणि तेल दोन्हींच्या बाजारात अर्जेंटिना सर्वांत मोठा निर्यातदार. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या नव्या सरकारने पेसोचे अवमूल्यन केले; डॉलरला सुमारे ३६६ पेसो होते ते एका घोषणेने ८०० झाले. तिथल्या शेतकऱ्याला त्याच डॉलरचे दुपटीहून अधिक पेसो मिळू लागले. आपला रुपया त्या काळात जागचा फारसा हलला नव्हता. रुपया डॉलरपुढे कमजोर असूनही स्पर्धकाच्या चलनापुढे बळकट झाला, तर निर्यातीच्या बाजारात आपणच महाग ठरतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना मराठवाड्यात सोयाबीन त्याच्या बरेच खाली विकले गेले. ब्राझीलचे विक्रमी पीक आणि आधीचे नगण्य तेलशुल्क ही कारणे त्यात मोठी होती, पेसोचा वाटा त्यांच्यासोबतचा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ अखेर ते पुन्हा साडेसोळावर आणले. वाढवले ते खाणाऱ्याला महाग पडले, उतरवले ते पेरणीच्या तोंडावर पिकवणाऱ्याला. आणि बीडमध्ये खाणारा व पिकवणारा हे बहुतेकदा एकाच घरातले असतात.

तुरीत तर सीमेवर नाकाच उरलेला नाही. मे २०२१ पासून तूर शुल्काविना येते, म्यानमार, मोझांबिक, मलावी, टांझानियातून. डॉलर महागल्यावर आयात डाळ थोडी महाग व्हायला हवी आणि देशी तुरीला थोडा आधार मिळायला हवा. पण तिकडे पीक चांगले आले की डॉलरमधला भावच पडतो आणि तो आधार वाहून जातो.

कांद्याविषयी मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण विनिमय दर कसा फसवतो ते त्याच्याइतके कोणतेच पीक दाखवत नाही. आष्टी-पाटोद्याचा कांदा नगर-सोलापूरच्या बाजारांतून पुढे जातो आणि त्यातला काही देशाबाहेर. ऑक्टोबर २०२३ अखेर सरकारने किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर ठरवले. त्या वेळच्या दराने हे किलोला ६६ रुपये झाले. त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायला मनाई. डिसेंबर २०२३ मध्ये सरळ बंदीच आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढले, शुल्क वीस टक्के केले, आणि ते वीस टक्के १ एप्रिल २०२५ ला गेले. गावातल्या कांदाचाळीत माल ठेवून बसलेल्या माणसाने या दीड वर्षात काय करायचे होते? किमान मूल्य डॉलरमध्ये लिहिलेले असल्यामुळे रुपया जसजसा घसरेल तसतशी ती भिंत रुपयांत आपोआप उंच होत जाते, ही बाब तर कुणी त्याला सांगितलीही नव्हती.

आणि भिंत नसती तरी? आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक बांगलादेश. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ टाका होते आणि आपले ७५ रुपये. २०२५ च्या मध्यावर १२२ टाका आणि ८६ रुपये. म्हणजे एका भारतीय रुपयासाठी ढाक्याच्या व्यापाऱ्याला आधी एक टाका पंधरा पैसे मोजावे लागत होते, नंतर एक टाका बेचाळीस. दिल्ली-मुंबईच्या बातम्या रुपया घसरल्याच्या होत्या. ढाक्याच्या बाजारात त्याच रुपयाने ठरलेला कांदा चोवीस टक्के महाग झाला होता. श्रीलंकेचा रुपया २०२२ च्या संकटात डॉलरला दोनशेवरून साडेतीनशेपलीकडे गेला, तेव्हा तिथेही हेच घडले. आखातात आपल्यासमोर पाकिस्तानचा कांदा उभा असतो, आणि पाकिस्तानी रुपया २०२२ च्या आरंभी १७६ च्या आसपास होता तो पुढच्या दोन वर्षांत २८० च्या घरात गेला. शेतमालाच्या निर्यातीचा विचार करताना फक्त डॉलर-रुपया पाहणे ही आपल्या चर्चेतली सर्वांत मोठी उणीव आहे. गिऱ्हाइकाचे चलन आणि स्पर्धकाचे चलन पाहिल्याशिवाय कांद्याच्या भावाचे कोडे सुटत नाही.

उसाचा धागाही असाच परदेशात निघतो. साखरेत जगाचा भाव ब्राझील ठरवते. २०२० मध्ये ब्राझीलचा रेआल कोसळला तेव्हा तिथल्या कारखान्यांना डॉलरमधला पडका भावही परवडू लागला आणि त्यांनी साखर ओतली. न्यूयॉर्कचा भाव पाऊंडाला दहा सेंटच्या खाली गेला. त्या हंगामात भारत सरकारला निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये मदत द्यावी लागली. २०२१-२२ मध्ये जगाचा भाव वर होता, तेव्हा मदतीविना विक्रमी निर्यात झाली आणि जून २०२२ पासून निर्बंध आले. आज पाऊंडाला १५ सेंट भाव धरला तर ९० च्या दरानेही किलोचे तीस रुपये होत नाहीत, आणि देशात साखरेचा किमान विक्री दरच ३१ आहे. रुपया नव्वदपर्यंत घसरला तरी अशा वेळी निर्यातीत कारखान्याला लाभ नाही.

या सगळ्यात ज्याला रुपयाच्या घसरणीचा पूर्ण लाभ होतो असे घरही आहे. आखातात कामाला गेलेल्या माणसाचे. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. महिन्याला दोन हजार दिरहम घरी पाठवणाऱ्याचे डॉलर ८३ असताना सुमारे ४५,२०० रुपये होत, ९० असताना ४९,०००. मध्ये ना शुल्क, ना बंदी, ना किमान मूल्य. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाच्या बीडमधल्या आईवडिलांचेही तसेच. पण त्या घरात एक चुकीचा हिशेब हमखास होतो: मुलाचा डॉलरमधला पगार नव्वदने गुणून तो इथल्या बाजारभावाशी ताडला जातो. जागतिक बँकेच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय तुलनेत डॉलरचा बाजारातला दर सरासरी ६५.१२ रुपये होता, पण क्रयशक्तीच्या मापाने तो २०.६५ निघाला. अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते ते सरासरीने आपल्याकडे २०.६५ रुपयांत मिळत होते.

ही तफावत येते ती सीमा न ओलांडणाऱ्या गोष्टींमुळे. बीडच्या सलूनमधली हजामत शिकागोला पाठवता येत नाही. शिवणकाम, घरभाडे, रिक्षा, शिकवणी यांचे भाव गावातल्या मजुरीवर ठरतात, डॉलरवर नाही. फळांमध्येही हा भेद दिसतो. बालाघाटातल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पिकल्यावर ते दोन-तीन दिवसांत संपते. ताज्या फळाचा बाजार पुण्या-मुंबईपर्यंतच पोचतो आणि भावही तिथेच ठरतो. मोसमातल्या सीताफळाच्या पाटीवर डॉलरचा प्रभाव पडतो तो फक्त टेम्पोच्या डिझेलातून.

स्वस्त सेवा म्हणजे स्वस्त माणूस, हे त्या २०.६५ च्या आकड्यामागचे वास्तव आहे. शंभर वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावरच नेमके बोट ठेवले होते. १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळाकडे पाहतात, जेव्हा चांदी घसरल्याने रुपया दोन शिलिंगांजवळून सव्वा शिलिंगाच्या खाली आला. निर्यातदार म्हणत होते, घसरता रुपया देशाला बक्षीस देतो. बाबासाहेबांचे उत्तर होते की हे बक्षीस परदेशातून आलेले नाही. किमती वाढतात आणि मजुरी मागे राहते, त्या अंतरातून ते निघते. एका वर्गाचा लाभ हा देशातल्याच दुसऱ्या वर्गाचा तोटा असतो. पुढे भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही रुपयाची देशातली क्रयशक्ती स्थिर राहण्यावर त्यांचा भर होता.

आजच्या बीडला हा विचार जसाच्या तसा लागू पडतो, एका फरकासह. त्या काळी बक्षीस निर्यातदाराला निदान मिळत तरी होते. आज कापूस, कांदा, साखर पिकवणाऱ्याच्या हातून ते शुल्क आणि बंदीने बऱ्याचदा काढून घेतले जाते. आणि ते का काढले जाते, तर खाणाऱ्याला महागाई सोसवेना म्हणून. महागाई सोसवेना, कारण मजुरी मागे राहिली आहे. म्हणून प्रश्नाचे मूळ मजुरीत आहे, आणि बीडमध्ये मजुरी म्हटली की पहिला विचार ऊसतोडीचाच करावा लागतो.

दसऱ्यानंतर जिल्ह्यातून नवरा-बायकोचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटते टनावर, आणि टनाचा दर साखर संघ व कामगार संघटनांच्या वाटाघाटीत तीन-तीन वर्षांसाठी ठरतो. २०२० मध्ये चौदा टक्के वाढ झाली, जानेवारी २०२४ मध्ये चौतीस टक्के. ही वाढ लढून मिळवलेली आहे आणि तिची किंमत मी कमी करत नाही. पण करार झाला तेव्हा डॉलर ८३ होता आणि करार चालू असतानाच तो ९० पार गेला. तेल बदलले, सोने बदलले, मोबाइल बदलला. टनाचा दर तोच राहिला. विकायला सोयाबीन नाही, कापूस नाही, आखातातून येणारा दिरहम नाही. घसरत्या रुपयाची फक्त खर्चाची बाजू या कुटुंबाच्या वाट्याला येते.

सरकारी नोकराचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढतो. रोजगार हमीची मजुरीसुद्धा शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाशी जोडलेली आहे, आणि हा निर्देशांक केंद्राचे श्रम कार्यालय दर महिन्याला काढते. ऊसतोडीच्या टनाच्या दराला तो लावायला नवा कायदा किंवा नवे आकडे लागत नाहीत. पुढच्या करारात एक कलम घालावे लागेल: तीन वर्षांच्या मध्ये, प्रत्येक हंगामाच्या आधी, निर्देशांक जेवढा वाढला तेवढा दर वाढेल, आणि उचल देताना तोच वाढीव दर धरला जाईल.